धुराचा बाजार

सुरतेच्या पांडेसरा किंवा सचिन औद्योगिक वसाहतीत कापड प्रक्रिया गिरणीच्या मागच्या अंगाला गेलं, की तीन गोष्टी हमखास दिसतात: कोळशाचा ढीग, बॉयलर आणि धुराडं. चौथी गोष्ट चटकन नजरेत भरत नाही. बॉयलर आणि धुराडं यांच्या मधल्या जागेत पत्र्याची शंकूच्या आकाराची नळकांडी असतात, कापडी पिशव्यांनी भरलेली बंद पेटी असते, कुठे पाण्याचे फवारे असलेला उभा मनोरा असतो. धुरातली राख अडवणारी ही यंत्रणा. सुरतेतल्या बहुतेक गिरण्यांकडे ती २०१९ च्या आधीपासून होती. कायदा होता, प्रदूषण नियंत्रण मंडळ होतं, यंत्रं होती. तरी अनेक धुराड्यांतून मर्यादेपेक्षा जास्त राख बाहेर पडत होती.

प्रदूषणाची चर्चा बहुधा तंत्रज्ञानापाशी येऊन थांबते. नवं यंत्र आलं, कारखान्यांनी ते बसवलं, प्रश्न मिटला, असं आपण धरून चालतो. सुरतेत जे घडलं ते समजून घ्यायचं तर त्याच्या पुढचा प्रश्न विचारावा लागतो. रात्री तीन वाजता, कोणी बघत नसताना, ते यंत्र नीट चालू ठेवण्याचं मालकाला कारण काय? या प्रश्नाला सुरतेनं दिलेलं उत्तर देशातल्या इतर शहरांच्या उत्तरांपेक्षा वेगळं होतं. तिथे धुरातल्या राखेला किलोमागे भाव लावला गेला.

कापडाला कोळसा कशाला?

महाराष्ट्रातल्या लग्नाच्या बस्त्यात आहेराच्या साड्या निघतात, त्यातल्या कित्येक सुरतेच्या असतात. हलक्या, चटक रंगांच्या, धुतल्या तरी न चुरगळणाऱ्या. हे कापड पॉलिस्टरचं. मागावरून उतरतं तेव्हा ते कोरं, मळकट पांढरं असतं. धंद्यात त्याला ‘ग्रे’ म्हणतात. ते धुणं, रंगवणं, छापणं आणि ताणून बसवणं ही कामं प्रक्रिया गिरण्या करतात, आणि यातल्या जवळपास प्रत्येक टप्प्याला उष्णता लागते.

पॉलिस्टरचा धागा रंग सहजासहजी आत घेत नाही. त्यासाठी बंद भांड्यात, दाबाखाली, सुमारे १३० अंश सेल्सिअसपर्यंत पाणी तापवावं लागतं. ही उष्णता वाफेतून मिळते. नंतर कापडाची रुंदी आणि पोत कायम करण्यासाठी ते स्टेंटर नावाच्या लांबलचक यंत्रातून १८० ते २०० अंशांच्या हवेतून काढतात. इतक्या तापमानासाठी वाफ सोयीची नसते. म्हणून तेल तापवून ते नळ्यांतून फिरवतात. अशा भट्टीला कामगार सरसकट ‘थर्मोपॅक’ म्हणतात. पुण्याच्या थरमॅक्स कंपनीच्या उत्पादनाचं हे नाव आता सगळ्याच भट्ट्यांना चिकटलं आहे. बॉयलर आणि थर्मोपॅक, दोन्हींच्या पोटात कोळसा किंवा लिग्नाइट जळतो. नैसर्गिक वायूनं हे काम स्वच्छ होतं, पण वायू महाग पडला की स्पर्धेतल्या गिरणीची नजर पुन्हा कोळशाकडे वळते.

कोळशात न जळणारा खनिज भाग असतो. त्याची जड राख भट्टीच्या तळाशी पडते आणि बारीक राख वायूंबरोबर वर उडते. या उडत्या राखेतले सर्वांत बारीक कण, म्हणजे २.५ मायक्रॉनपेक्षा लहान, नाकातल्या केसांना आणि घशातल्या ओलाव्याला दाद देत नाहीत. ते फुप्फुसाच्या शेवटच्या पिशवीपर्यंत पोहोचतात, तिथून रक्तात उतरू शकतात, आणि हृदयविकार, पक्षाघात, दमा असे आजार वाढवतात. गिरण्यांच्या आसपास दाट वस्ती आहे. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली हजारो मराठी कुटुंबं राहतात. सुरत-भुसावळ लोहमार्गानं पिढ्यान् पिढ्या खानदेशातला माणूस इथे कामाला आला. त्यामुळे सुरतेच्या हवेचा प्रश्न हा शेजारच्या राज्याचा असला तरी परका नाही.

यंत्र असणं आणि यंत्र चालणं

राख अडवायची साधनं जुनी आणि सोपी आहेत. सायक्लोनमध्ये धूर शंकूच्या आत गोल फिरवला जातो. जड कण भिंतीवर आपटून खाली घसरतात. हे स्वस्त यंत्र, पण बारीक कण त्यातून निसटतात. बॅग फिल्टरमध्ये धूर उष्णता सोसणाऱ्या कापडाच्या लांब पिशव्यांतून जातो. राख पिशवीवर साचते आणि दाबाखालच्या हवेचा झटका देऊन ती ठरावीक वेळानं झाडली जाते. स्क्रबरमध्ये पाण्याच्या फवाऱ्यानं कण भिजवून खाली पाडतात. नीट राखलेला बॅग फिल्टर बारीक कणांपैकीही फार मोठा भाग रोखू शकतो.

‘नीट राखलेला’ या दोन शब्दांत सगळी गोम आहे. पिशव्या फाटतात, जळतात, ओलाव्यानं चिकट होतात. त्या बदलायला पैसे लागतात आणि बदलताना भट्टी थांबवावी लागते. पिशव्यांवर राख जमली की धूर ओढणाऱ्या पंख्याला जास्त वीज लागते. स्क्रबरला पाणी आणि पंप लागतो. उरलेल्या गाळाची विल्हेवाट लावावी लागते. बॉयलर सांभाळणाऱ्या माणसाला वाफेचा दाब टिकवायचा असतो. मागणीच्या वेळी तो कोळसा जास्त टाकतो, हवा कमीजास्त करतो. अशा वेळी धूर काळा झाला तरी त्याच्या पगारात फरक पडत नाही. वाफ कमी पडून रंगाचा घाणा बिघडला, तर मात्र पडतो.

यंत्र खरेदीचा खर्च एकदाच येतो आणि त्याची पावती दाखवता येते. यंत्र चालवण्याचा खर्च रोज येतो आणि त्याची पावती कोणी मागत नाही. या फटीतून धूर बाहेर पडतो.

तपासणारा कोणाचा माणूस?

कायद्यानं ही फट बुजवायला तपासनीस नेमले. १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्याखाली राज्य मंडळं कारखान्यांना संमतीपत्र देतात आणि मर्यादा घालून देतात. सुरतेतल्या गिरण्यांसाठी ही मर्यादा होती धुराड्यातल्या एका घनमीटर वायूत १५० मिलिग्रॅम कण. मर्यादा मोडली तर खटला, किंवा थेट वीज-पाणी तोडून कारखाना बंद. शिक्षा इतकी जड, की ती क्वचितच देता येते. शे-दोनशे कामगारांचा रोजगार थांबवण्याआधी कुठलाही अधिकारी दहादा विचार करणार. मधलं काही नव्हतं: एक तर नोटीस, नाही तर कुलूप.

मोजमापही कठीण. धुराड्यावर चढून, तिथल्या वायूच्या वेगाइतक्याच वेगानं नमुना ओढून घ्यायचा, तो गाळण कागदातून काढायचा, आणि कागदाचं वजन आधी किती, नंतर किती, हे प्रयोगशाळेत पाहायचं. याला काही तास लागतात. असे नमुने वर्षातून मोजक्या वेळा घेतले जातात. उरलेल्या दिवसांचं काय, हे कागदावर येत नाही.

गुजरातनं यात आणखी एक थर घातला होता. उच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर तिथे जास्त प्रदूषणकारी कारखान्यांसाठी त्रयस्थ पर्यावरण लेखापरीक्षणाची पद्धत सुरू झाली. कल्पना चांगली, पण लेखापरीक्षक कारखान्यानं निवडायचा आणि त्याची फीही कारखान्यानंच द्यायची. परीक्षार्थीनं परीक्षक नेमावा, त्यातलाच हा प्रकार.

त्याचे परिणाम मोजण्याचं काम २००९ ते २०११ या काळात झालं. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाबरोबर अहमदाबाद आणि सुरत भागातल्या ४७३ कारखान्यांवर प्रयोग केला. जुन्या पद्धतीच्या अहवालांप्रमाणे कणांची मर्यादा मोडणारे कारखाने होते अवघे ७ टक्के. स्वतंत्र फेरमोजणीत ते निघाले ५९ टक्के. अहवालांतले आकडे मर्यादेच्या जरा खालीच दाटीवाटीनं बसलेले होते. खऱ्या मोजमापात अशी दाटी होत नाही.

प्रयोगात निम्म्या कारखान्यांसाठी नियम बदलले. लेखापरीक्षक चिठ्ठ्या टाकून नेमला, फी एका समाईक निधीतून ठरलेल्या दरानं दिली, काही मोजण्यांची अचानक फेरतपासणी केली. ‘मर्यादेत आहे’ असे खोटे अहवाल ८० टक्क्यांनी घटले, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या कारखान्यांचं प्रदूषणही कमी झालं. माणसं तीच होती, उपकरणं तीच होती. बदललं ते एवढंच, की पैसे कोण देतो आणि मागाहून कोण तपासतो. २०१५ मध्ये गुजरातनं या सुधारणा आपल्या पद्धतीत घेतल्या.

‘मग तपासण्याच वाढवा की’ हा सल्ला स्वाभाविक आहे. तोही करून पाहिला गेला. याच अभ्यासकांच्या दुसऱ्या प्रयोगात काही कारखान्यांच्या तपासण्या दुपटीहून जास्त झाल्या, पण सरासरी प्रदूषणात फारसा फरक पडला नाही. मंडळाचे अधिकारी आधीच आपल्या अनुभवानं सर्वांत वाईट कारखान्यांकडे जात होते. वाढीव फेऱ्या बाकीच्यांकडे गेल्या. तिथे सापडलेल्या किरकोळ चुकांवर कुलूप लावण्याची शिक्षा लागू करणं मंडळालाही शक्य नव्हतं.

धुराड्यात बसलेला मीटर

आता दोन गोष्टी हव्या होत्या: अखंड मोजमाप, आणि चूक जितकी मोठी तितकी वाढत जाणारी किंमत. पहिलीसाठी धुराड्यात कायमचं उपकरण बसवायचं ठरलं. त्याचे प्रकार अनेक. एकात प्रकाशाचा किरण धुरातून सोडतात आणि कणांवरून किती प्रकाश विखुरतो ते पाहतात. दुसऱ्यात धातूची सळई धुरात ठेवतात. वाहते कण तिच्यावर घासले-आपटले की बारीकसा विद्युतभार तयार होतो आणि त्यावरून कणांचा अंदाज येतो. हे आकडे मिनिटामिनिटाला थेट मंडळाच्या संगणकावर जातात.

उपकरण प्रत्यक्षात विद्युतभार किंवा प्रकाश मोजतं. त्याचं मिलिग्रॅममध्ये रूपांतर करण्यासाठी गाळण कागदाच्या जुन्या पद्धतीनं जुळणी करावी लागते. जुळणी चुकली किंवा मुद्दाम चुकवली, तर मिनिटामिनिटाचा आकडाही मिनिटामिनिटाला खोटा ठरतो. म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१३ मध्ये अशा उपकरणांसाठी नियमावली काढली. जुळणी केव्हा करायची, कोणी करायची, हे ठरवून दिलं. आकडे यायचे थांबले तर त्या वेळचं उत्सर्जन कारखान्याला तोट्याचं पडेल असं धरायचं, हा नियम विशेष उपयोगी ठरला. मग वायर ‘चुकून’ काढून ठेवण्यात फायदा उरत नाही.

अखंड मोजमापामुळे आणखी एक बदल झाला. जुनी मर्यादा दाटपणाची होती: घनमीटरमागे किती. पण हवेत एकूण किती राख गेली, हे दाटपणावरून कळत नाही. ताशी १०,००० घनमीटर वायू सोडणारं धुराडं अगदी १५० मिलिग्रॅमच्या मर्यादेवर चाललं तर तासाला दीड किलो कण बाहेर टाकतं. बारा तास चाललं तर १८ किलो, चोवीस तास चाललं तर ३६. दोन्ही कारखाने कायद्यापुढे सारखेच निर्दोष; वस्तीतल्या छातीत मात्र दुप्पट राख. आता दाटपणा, वायूचा प्रवाह आणि वेळ यांचा गुणाकार करून महिन्याचे किलो काढता येऊ लागले. आणि किलोत मोजता येणाऱ्या वस्तूचा बाजार भरवता येतो.

किलोचा हिशेब

प्रदूषणाच्या परवान्यांचा बाजार ही कल्पना अर्थशास्त्रात जुनी आहे. कॅनडाचे जॉन डेल्स यांनी १९६८ मध्ये ती पुस्तकरूपानं मांडली. अमेरिकेनं १९९० च्या कायद्यानं वीज केंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडसाठी ती वापरली आणि १९९५ पासून तो बाजार चालू झाला. चिलीच्या सँटियागो शहरानं त्याच दशकात कणरूप प्रदूषणासाठी परवाने काढले, पण तिथे भट्टीची क्षमता धरून हिशेब होई. प्रत्यक्ष किती सोडलं ते अखंड मोजलं जात नव्हतं. भारतात २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं गुजरात, महाराष्ट्र आणि तमिळनाडू या तीन राज्यांत प्रायोगिक बाजाराची घोषणा केली. प्रत्यक्ष बाजार आधी उभा राहिला तो सुरतेत, २०१९ मध्ये.

रचना अशी. सहभागी गिरण्यांनी मिळून महिन्याला किती कण सोडायचे याची कमाल मर्यादा मंडळानं ठरवली. सुरुवातीला ती २८० टन होती, पुढे टप्प्याटप्प्यानं १७० टनांपर्यंत आणली गेली. या मर्यादेइतके परवाने काढले. त्यातले ८० टक्के गिरण्यांना त्यांच्या आकारमानाप्रमाणे फुकट वाटले, २० टक्के लिलावात विकले. मुदत संपली की आपण सोडलेल्या प्रत्येक किलोमागे एक परवाना दाखवायचा. कमी पडले तर बाजारातून घ्यायचे, उरले तर विकायचे. खरेदी-विक्री संगणकावर होई. त्यासाठीचा मंच हळद-जिऱ्याच्या वायद्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या एनसीडीईएक्सच्या समूहातल्या कंपनीनं चालवला. भाव किलोला ५ रुपयांखाली आणि १०० रुपयांवर जाणार नाही असं बंधन होतं. परवान्याविना सोडलेल्या किलोला २०० रुपये भरपाई, आणि तीही आधीच घेतलेल्या अनामत रकमेतून कापून. कोर्टकचेरी नाही, कुलूप नाही.

यात कारखानदाराला फायदा कसा, हे दोन काल्पनिक गिरण्यांच्या हिशेबात पाहू. दोघींना प्रत्येकी १०० किलो कण कमी करायचे आहेत. पहिलीकडे चांगला बॅग फिल्टर आहे, फक्त पिशव्या बदलून नीट देखभाल केली की किलोमागे ८ रुपयांत काम होतं. दुसरीची भट्टी जुनी, जागा अपुरी. तिला किलोमागे ६० रुपये पडतात. सरसकट हुकूम काढला तर एकूण खर्च ८०० अधिक ६,०००, म्हणजे ६,८०० रुपये. बाजार असेल तर पहिली गिरणी २०० किलो कमी करेल आणि जादा १०० परवाने दुसरीला, समजा, ३० रुपयांनी विकेल. दुसरीचे ३,००० रुपये वाचले. पहिलीला ८०० रुपयांच्या जादा खर्चावर ३,००० मिळाले. हवेत कण तेवढेच कमी झाले, आणि सगळा मिळून खर्च झाला १,६०० रुपये. प्रत्यक्षात हिशेब इतका उदार नसतो, कारण पुढचा प्रत्येक किलो मागच्यापेक्षा महाग पडत जातो. पण दिशा हीच.

महत्त्वाचा बदल मालकाच्या डोक्यात होतो. मर्यादेच्या पद्धतीत १४९ मिलिग्रॅमला पोहोचलेल्या गिरणीला आणखी खाली जाण्यात काही मिळत नाही. बाजारात प्रत्येक वाचवलेला किलो विकता येतो. फाटलेली पिशवी आज बदलायची की पुढच्या महिन्यात, या प्रश्नाला पहिल्यांदाच रुपयांत उत्तर मिळतं, आणि ते रात्री तीन वाजताही लागू असतं.

निकाल

हा बाजार प्रयोग म्हणूनच आखला होता. सुरत परिसरातल्या ३१७ गिरण्यांपैकी १६२ चिठ्ठ्या टाकून बाजारात घेतल्या. उरलेल्या १५५ जुन्याच नियमांखाली राहिल्या. मीटर मात्र दोन्ही गटांत बसवले. त्यामुळे दोन गटांत जो फरक दिसेल तो नुसत्या मोजमापाचा नसून बाजाराचा, असं ठामपणे म्हणता येणार होतं. सप्टेंबर २०१९ मध्ये खरे पैसे फिरू लागले. कोविडच्या टाळेबंदीत गिरण्या बंद पडल्या तसा बाजारही थांबला आणि नंतर पुन्हा सुरू झाला. ग्रीनस्टोन, पांडे, रायन आणि अनंत सुदर्शन यांनी त्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये ‘क्वार्टरली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये प्रसिद्ध केले.

बाजारातल्या गिरण्यांचं कणरूप प्रदूषण दुसऱ्या गटापेक्षा २० ते ३० टक्क्यांनी कमी भरलं. जवळपास सगळ्यांनी, म्हणजे ९९ टक्के प्रमाणात, आपल्या सोडलेल्या किलोंइतके परवाने दाखवले. त्याच काळात जुन्या नियमांखालच्या गटात किमान एक तृतीयांश गिरण्या दाटपणाची मर्यादा मोडत होत्या. तेवढंच प्रदूषण हुकुमानं कमी करायला जो खर्च आला असता, त्यापेक्षा बाजारात ११ टक्के कमी आला. टळलेल्या मृत्यूंचं मोल धरलं तर फायदा खर्चाच्या किमान २५ पट.

यातला सर्वांत बोलका आकडा मला ९९ टक्क्यांचा वाटतो. भारतात पर्यावरणाचे नियम पाळलेच जात नाहीत, उद्योजकांना चाड नाही, अधिकारी विकले जातात, अशी आपली ठाम समजूत असते. सुरतेत शहर तेच, मालक तेच, मंडळही तेच होतं. शिक्षा लहान पण खात्रीची झाली, पैसे आधीच अनामत म्हणून जमा होते, आणि आकडा कोणाच्या मर्जीवर राहिला नाही. तेवढ्यानं नियम पाळणं ही रोजची सवय झाली.

भागीदारी कशी असावी, हेही यातून दिसतं. मंडळाला मर्यादा सैल करायच्या नव्हत्या, गिरणी मालकांना कुलूप नको होतं, संशोधकांना निकाल छापायचा होता, उपकरणवाल्यांना धंदा हवा होता. कोणाचे हेतू एकसारखे नव्हते आणि तसे असायची गरजही पडली नाही. प्रत्येकाचा आकडा, तो फुगवण्यात किंवा दडवण्यात फायदा नसलेल्या दुसऱ्या कुणाच्या हाताखालून जात होता. व्यासपीठावर हस्तांदोलन करून सह्या होणाऱ्या करारांत बहुधा हीच गोष्ट राहून जाते.

बाजार कुठे चालत नाही

बाजाराला मर्यादा आहेत, आणि त्या मान्य केल्या नाहीत तर हे औषध विषासारखं वापरलं जाईल. परवाने विकत घेणाऱ्या गिरणीच्या शेजारची वस्ती कदाचित होती तेवढ्याच धुरात राहते. शहराची बेरीज सुधारली म्हणून तिचा खोकला थांबत नाही. त्यामुळे एकूण मर्यादेबरोबर कुठल्याही एका धुराड्यासाठी कमाल पातळीही ठेवावी लागते. शिवाय शहराच्या हवेतली धूळ केवळ धुराड्यांची नसते. वाहनं, बांधकामं, उखडलेले रस्ते, जाळलेला कचरा यांना मीटर बसवता येत नाही. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत सुरत आहे ती या सगळ्या स्रोतांमुळे.

काही विषांचा बाजार भरवणंच चूक. पारा, हेक्झाव्हॅलंट क्रोमियम यांसारख्या गोष्टी एका ठिकाणी साचल्या की दुसरीकडची घट निरर्थक ठरते. रंगाच्या सांडपाण्यालाही हे बरंचसं लागू आहे. तमिळनाडूतल्या तिरुपूरला रंगशाळांच्या पाण्यानं नोय्यल नदी नासली, तेव्हा मद्रास उच्च न्यायालयानं जानेवारी २०११ मध्ये त्या रंगशाळा बंद करण्याचा आदेश दिला. पाणी बाहेर सोडायचंच नाही, गाळून, उकळून, क्षार वेगळे करून पुन्हा वापरायचं, हा मार्ग तिथे सक्तीनं आला. तो महाग आहे आणि त्याला वीजही भरपूर लागते, पण नदीसाठी मधला भाव ठरवता आला नसता.

काही ठिकाणी एकेकट्या कारखान्यानं शहाणं व्हावं अशी अपेक्षा करण्यापेक्षा साधनच सामाईक करणं सोपं जातं. लहान बॉयलर पन्नास ठिकाणी जळण्यापेक्षा एका मोठ्या, चांगल्या गाळणीच्या बॉयलरमधून नळानं वाफ पुरवायची, हा प्रकार गुजरातच्या काही औद्योगिक वसाहतींत रुजला आहे. पन्नास धुराड्यांवर लक्ष ठेवण्यापेक्षा एकावर ठेवणं मंडळालाही परवडतं.

पाण्यातही अशी जोडणी होते. सुरत महापालिकेनं २०१४ मध्ये बमरोली इथे रोज ४ कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्प उभा केला. शहराचं प्रक्रिया केलेलं मैलापाणी तिथे आणखी बारीक गाळलं जातं आणि पांडेसराच्या कारखान्यांना विकलं जातं. गिरण्यांना खात्रीचं पाणी मिळतं, पालिकेला उत्पन्न मिळतं, आणि भूजल तसंच तापीचं ताजं पाणी तेवढं वाचतं. ही तापी भुसावळवरून, खानदेशाची शेती भिजवत सुरतेला जाते, तेव्हा हे वाचलेलं पाणी आपल्याही हिशेबातलं आहे. विदर्भात नागपूर महापालिका आणि महानिर्मिती यांनी हाच मार्ग धरला: भांडेवाडीला शुद्ध केलेलं शहराचं मैलापाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राकडे जातं. वीज केंद्राला थंडाव्यासाठी पिण्याच्या दर्जाचं पाणी लागत नाही, हे साधं सत्य इथे कामी आलं.

महाराष्ट्रानं काय उचलावं?

महाराष्ट्रानं बाजाराऐवजी आधी उघडपणाचा प्रयोग केला. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळानं ५ जून २०१७ रोजी कारखान्यांना तारे द्यायची योजना सुरू केली. धुराड्यातल्या कणांच्या मोजण्यांवरून १ ते ५ तारे, पाच म्हणजे उत्तम, एक म्हणजे वाईट, आणि ही यादी कोणालाही पाहता येते. इंडोनेशियानं १९९५ मध्ये सोनेरीपासून काळ्यापर्यंत पाच रंग लावून कारखान्यांची अशीच जाहीर प्रतवारी सुरू केली होती. यामागचा विचार सरळ आहे: मंडळाच्या कपाटातला अहवाल नागरिकाच्या, पत्रकाराच्या, बँकेच्या आणि ग्राहकाच्या हातात गेला, तर दडपण चारही बाजूंनी येतं.

तारे आणि बाजार ही एकमेकांची जागा घेणारी साधनं नाहीत. तारा लाज आणि लौकिक यांवर चालतो. मोठ्या, नाव असलेल्या कंपन्यांना त्याची फिकीर असते. इचलकरंजी, भिवंडी, सोलापूर अशा ठिकाणच्या लहान सायझिंग (सुताला खळ देणाऱ्या) कारखान्यांच्या किंवा रंगशाळांच्या मालकाला गिऱ्हाईक तारे पाहून येत नाही. तिथे किलोचा भाव जास्त बोलतो, किंवा सामाईक वाफेचा नळ. सांडपाण्यासाठी सामाईक प्रक्रिया केंद्र महाराष्ट्राच्या औद्योगिक वसाहतींत ओळखीचं आहे, आणि त्याचा धडाही ओळखीचा आहे: येणाऱ्या पाण्याचं मोजमाप सदस्यागणिक झालं नाही, तर जो सर्वांत घाण पाणी सोडतो त्याचा खर्च सगळे भरतात, आणि मग कोणीच आपलं पाणी घरी निवळायच्या भानगडीत पडत नाही.

एखाद्या वसाहतीत ‘आम्ही अत्याधुनिक यंत्रणा बसवली’ अशी पाटी लागते, तेव्हा तिथल्या रहिवाशानं, ग्रामपंचायतीनं, वार्ताहरानं चार प्रश्न विचारावेत. ही यंत्रणा रोज किती अडवते ते किलोत कोण मोजतं? मोजणाऱ्याला पैसे कोण देतं? त्याच्या आकड्याची फेरतपासणी कोण करतं? आणि उद्या आकडा दीडपट झाला, तर कोणाच्या खिशातून किती रुपये, किती दिवसांत, कोर्टात न जाता निघतील? सुरतेतल्या गिरण्यांनी यंत्रं फारशी बदलली नाहीत. या चार प्रश्नांची उत्तरं बदलली, आणि त्या भरवशावर राख २० ते ३० टक्क्यांनी उतरली. ही उत्तरं मिळत नसतील, तर पाटीवरच्या यंत्रणेची किंमत तिच्या पावतीवर छापली आहे, त्यापलीकडे काही नाही.